मँझनीटा लावताना: कॅलिफोर्नियाच्या कोरड्या किनाऱ्यावरच्या बागेसाठी

जून लागला की कोकणात वाढलेल्या माणसाचे हात रोपं लावायला शिवशिवतात. मृगाचा पाऊस पडून गेला, माती भिजली, की कुदळ घ्यायची आणि खड्डे काढायचे. मॉन्टेरेच्या उपसागराकाठी राहायला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये मी तेच केलं. मँझनीटाचं हातभर रोप आणलं, खड्ड्याच्या तळाशी दोन घमेली कंपोस्ट टाकलं, बुंध्याभोवती आईच्या पद्धतीने सुबक आळं केलं आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी घातलं. ऑगस्टच्या शेवटी पानांची तकाकी गेली. तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवलं. आठवड्याभरात झाड उभ्या उभ्या तपकिरी झालं. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, बोटांत धरली की साल सुटून येत होती.

जून, कंपोस्ट, आळं आणि रोजचं पाणी, चारही गोष्टी आपल्याकडे बरोबर, या झाडासाठी चारही चूक. त्यानंतर मी सात मँझनीटा लावली, सातही उभी आहेत. त्यातून जे हाताला कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोपासून दक्षिणेला बिग सूरपर्यंतच्या किनारपट्टीवर बाग असलेल्या मराठी घरांसाठी. आत सॅन होजेकडे किंवा सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात राहत असाल तर यातलं बरंच लागू पडेल, पण उन्हाचा हिशेब वेगळा करावा लागेल.

झाड ओळखून घ्या

मँझनीटा म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटं सफरचंद. फळं तशीच दिसतात, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी आणि तांबूस. शास्त्रीय नाव आर्क्टोस्टॅफिलॉस, ग्रीकमधून आलेलं, अर्थ अस्वलाची द्राक्षं. ही एक जात नाही, पन्नासहून जास्त जातींचं मोठं गोत आहे आणि त्यातल्या बहुतेक जाती कॅलिफोर्नियातच सापडतात. काही जमिनीला चिकटून गालिच्यासारख्या पसरतात, काही पंधरा फुटी झाडं होतात. वनस्पतींच्या कुळात पाहिलं तर ब्लूबेरी आणि आपल्या हिमालयातला बुरांश हे तिचे नातलग.

खोड पाहिलं की माणूस थांबतोच. गुळगुळीत, थंडगार, गडद तांबडं, जुन्या शिसवी खांबाला तेल दिल्यासारखं. उन्हाळ्यात जुनी साल कागदासारखी वळून सुटते आणि खालची हिरवट-पिवळी नवी साल काही दिवसांत पुन्हा तांबडी होते. ती सुटणारी साल नखाने ओढू नका, मुलांनाही सांगून ठेवा. आतली साल फार नाजूक असते.

पानं जाड, चामड्यासारखी, आणि बहुतेक जातींत उभी धरलेली. दुपारचं ऊन पानाच्या सपाट अंगावर पडू नये म्हणून ही सोय. डिसेंबर ते मार्चमध्ये, बाकी बाग झोपलेली असताना, लहान घागरीच्या आकाराची पांढरी-गुलाबी फुलं उलटी लोंबतात. या घागरीतला पराग हलवल्याशिवाय पडत नाही. मोठी केसाळ भुंगेरी माशी, जिला इथे बंबलबी म्हणतात, फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या अंगावर झडतो. जानेवारीच्या सकाळी झाडाजवळ उभं राहिलं की तो बारीक गुंजारव ऐकू येतो. ॲनाज हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षीही त्या दिवसांत याच मधावर असतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र सोपी तुलना करवंदाशी करता येईल. कुळ अगदी वेगळं, पण स्वभाव ओळखीचा. सड्यावरच्या करवंदाच्या जाळीला कोणी कधी पाणी घातलंय का? जांभ्याच्या भेगेत मूळ रोवून ती आठ महिने कोरडी काढते आणि ऐन उन्हात फळते. मँझनीटाही वाळूत, खडकाच्या चुऱ्यात, नापीक उतारावर जगायला घडलेली आहे. फरक ऋतूंचा.

इथलं वर्ष उलटं चालतं

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मॉन्टेरेला वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, आणि तो नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत. म्हणजे पाऊस आणि ऊब इथे कधी एकत्र येत नाहीत. मँझनीटाची मुळं थंड ओल्या मातीत वाढतात आणि उबदार कोरड्या मातीत विसावतात. उबदार आणि ओली माती हे समीकरण तिच्या वाट्याला निसर्गात कधी आलेलंच नाही.

ते आपण बागेत तयार करतो, आणि तिथेच फायटोफ्थोरा फोफावतो. हा बुरशीसारखा दिसणारा, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा जीव. माती ओली आणि कोमट असली की तो मुळांत शिरतो. त्याची एक जात, फायटोफ्थोरा सिनामोमी, कॅलिफोर्नियातल्या आयोन गावाजवळ रानातल्या दुर्मीळ मँझनीटाचे पट्टेच्या पट्टे मारते आहे. बागेत तो आला की औषध मारून झाड परत येत नाही. माझं पहिलं झाड यानेच गेलं असावं. म्हणून उन्हाळ्यात पान मलूल दिसलं की आधी बोटाने माती तपासा, नळ नंतर.

इथल्या किनाऱ्याला एक देणगी आहे, ती म्हणजे धुकं. जून-जुलैत समुद्रावरून सकाळी येणारं दाट धुकं पानांवर साचतं, थेंब होऊन खाली ठिबकतं आणि मातीही थंड ठेवतं. त्यामुळे आतल्या गावांपेक्षा इथे काम सोपं होतं.

कोणती निवडावी

नर्सरीत गेलात की दहा नावं दिसतील. झाड किती मोठं होणार हे पाटीवरून नीट वाचा, कारण मँझनीटा नंतर छाटून लहान ठेवता येत नाही. जागा चार फुटांची आणि झाड दहा फुटांचं, अशी जोडी करू नका.

पहिलंच झाड असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हॉवर्ड मॅक्मिन. सोनोमा काउंटीतल्या एका अत्यंत दुर्मीळ जातीतून निवडलेला हा वाण, एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. पाच-सहा फूट उंच, सहा ते दहा फूट पसरट, छोटी चकचकीत पानं, भरपूर फुलं. चिकणमाती आणि नवख्या माणसाच्या चुका हा इतरांपेक्षा जास्त सोसतो. याच जातीतला सेंटिनल जरा उभट वाढतो, अरुंद जागेला बरा.

झाडासारखं झाड हवं, खाली बसता यावं, खोडाचा रंग खिडकीतून दिसावा, तर डॉक्टर हर्ड. पंधरा फुटांपर्यंत जातं, पण दहा वर्षांचा धीर हवा.

समुद्र अगदी समोर असेल आणि खारा वारा थेट लागत असेल तर किनाऱ्यावरच जन्मलेल्या जातींकडे वळा. बिग सूरच्या कड्यांवरून आलेला कार्मेल सूर जेमतेम फूटभर उंच राहून सहा फूट पसरतो. पॉइंट रेयेस तसाच बुटका. मॉन्टेरेच्या वाळूत वाढणाऱ्या हूकर मँझनीटाचे वाण आणि वाळूच्या टेकड्यांवरची सँडमॅट मँझनीटा याही इथल्याच. वाळूच्या बागेत यांना काहीच शिकवावं लागत नाही. एमराल्ड कार्पेट हा हिरवा गालिचा फार लोकप्रिय आहे, धुक्याच्या पट्ट्यात सुंदर दिसतो, पण त्याला आम्लधर्मी माती लागते आणि तो इतरांइतका कोरडेपणा सोसत नाही. पाहारो मँझनीटाची नवी पालवी तांब्याच्या रंगाची येते. पाहारो आणि हूकर यांच्या संकरातून आलेला सनसेट मला वैयक्तिकरीत्या सर्वांत आवडतो, मार्चमध्ये अख्खं झाड आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखं दिसतं.

घेण्याआधी मोठी झाडं डोळ्यांनी पाहून या. बर्कलीजवळ टिल्डन पार्कातल्या रीजनल पार्क्स बोटॅनिक गार्डनमध्ये मँझनीटांचा मोठा संग्रह आहे, आणि सांता क्रूझ विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्येही. फुलं पाहायची तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या स्थानिक शाखा शरदात रोपांची विक्री करतात. तिथले जुनेजाणते स्वयंसेवक तुमच्या गल्लीची माती ऐकून वाण सुचवतात. सोसायटीची कॅलस्केप नावाची यादी पत्ता टाकला की तुमच्या भागातल्या मूळ जाती दाखवते.

रानातून रोप किंवा फांदी आणू नका. हे नुसतं नियमाचं बोलणं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडियोत रेव्हन मँझनीटा नावाच्या जातीचं रानात एकच मूळ झाड उरलं. फ्रान्सिस्कन मँझनीटा रानातून नाहीशी झाली असं कित्येक दशकं धरून चाललेले होते. २००९ साली गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात झाडी तोडल्यावर तिचं एक झाड अचानक दिसलं आणि जानेवारी २०१० मध्ये ते मुळांच्या मातीसकट उचलून प्रेसिडियोत सुरक्षित जागी हलवलं. एका झाडावर अख्खी जात टेकलेली असते अशी ही मंडळी आहेत. तुमचं घर अशा दुर्मीळ जातीच्या रानाला लागून असेल तर परक्या वाणापेक्षा त्याच परिसरातली, नर्सरीत वाढवलेली जात लावा, कारण मँझनीटांचे आपसांत संकर सहज होतात.

जागा आणि निचरा

दिवसाला सहा तास ऊन मिळेल अशी, वारा खेळता असेल अशी जागा. उतार असेल तर उत्तम. हिरवळीला, म्हणजे लॉनला लागून नको. तिथे स्प्रिंकलर उन्हाळाभर चालतो. छपराचं पाणी पडतं ती जागाही नको.

आता निचऱ्याची परीक्षा. ती केल्याशिवाय रोप विकत आणू नका, इतकी ती महत्त्वाची. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि पट्टी धरून बघा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरत असेल तर निश्चिंत व्हा. त्याहून कमी असेल तर सपाट जमिनीत लावूच नका. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर ती जागा सोडा.

चिकणमातीवर उपाय एकच मला पटलाय, उंचवटा. जवळच्या जागेतलीच माती ओढून फूट-दीड फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद असा पसरट ढीग करा. टोकदार पिंड नको, भाताच्या मुदीसारखा नको, म्हशीच्या पाठीसारखा लांबट ढाळ हवा. करून एक पाऊस खाऊ द्या, माती बसेल. मग माथ्यावर रोप लावा. खड्ड्यात वाळू मिसळण्याचा सल्ला ऐकाल. चिकणमातीच्या खड्ड्यात वाळू भरली की त्याची हौदासारखी टाकी होते, आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन बसतं.

घराच्या भिंतीपासून अंतर ठेवा. वणव्याच्या काळात उडत्या निखाऱ्यांपासून घर वाचावं म्हणून भिंतीलगतच्या पाच फुटांत पेट घेणारं काहीच ठेवू नये, असं इथे सांगतात. मँझनीटाच्या पूर्ण वाढीचा घेर धरून त्याच्याही बाहेर खड्डा घ्या.

रोप निवडताना

एक गॅलनच्या कुंडीतलं रोप घ्या. पाच गॅलनचं मोठं झाड पाहून मोह होतो आणि पाहुण्यांना लगेच दाखवताही येतं, पण माझ्या बागेत एक गॅलनच्या रोपाने तीन वर्षांत मोठ्याला गाठलं. लहान रोपाची मुळं बागेच्या मातीत लवकर शिरतात.

कुंडीतून हलकेच बाहेर काढून मुळं पाहा. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. पांढरी-फिकट टोकं हवीत. काळी, मऊ, कुबट वासाची मुळं दिसली तर रोप परत ठेवा, आणि त्या रांगेतलं दुसरंही घेऊ नका. रोग बऱ्याचदा कुंडीतूनच बागेत येतो. मुळं कुंडीत गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली असतील तरी नको.

लावणी

पहिला मोठा पाऊस पडून माती वीतभर खोल भिजली की लावा. किनाऱ्यावर ही वेळ बहुधा नोव्हेंबरात येते. डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालेल, फेब्रुवारीनंतर मी थांबते आणि पुढच्या वर्षाची वाट पाहते.

आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या. खड्डा कुंडीइतकाच खोल आणि दुप्पट रुंद खणा. त्याहून खोल अजिबात नको, सैल मातीवर बसवलेलं रोप नंतर खाली खचतं आणि बुंधा मातीत जातो. गोफरचा, म्हणजे जमिनीखालून मुळं कुरतडणाऱ्या त्या घुशीसारख्या प्राण्याचा उपद्रव असेल तर तारेच्या जाळीची टोपली खड्ड्यात बसवा. आमच्या भागात ती नसेल तर मी लावतच नाही.

खड्डा पाण्याने एकदा भरून जिरू द्या. मग कुंडी आडवी करून रोप काढा, खोडाला धरून ओढू नका. मुळांचा गोळा शक्य तितका अखंड ठेवा. फिरलेली मुळं असतील तर बाजूने बोटांनी सोडवा. रोप असं बसवा की गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या एक-दीड इंच वर राहील. आपल्याला हे विचित्र वाटतं, रोप उघडं पडल्यासारखं वाटतं. पण बुंधा आणि मूळ जिथे मिळतात ती मान कोरडी राहायलाच हवी.

खणलेली तीच माती परत भरा. शेणखत नाही, गांडूळखत नाही, कंपोस्ट नाही, रासायनिक दाणे नाहीत. हे मला सगळ्यांत अवघड गेलं. रोपाला काही दिलं नाही म्हणजे त्याची आबाळ केली, असं आपल्याला वाटतं. मँझनीटाच्या मुळांभोवती उपकारक बुरशींचं जाळं असतं, तेच तिला नापीक मातीतून अन्न मिळवून देतं. खताने पालवी भसाभस फुटते, ती मऊ असते, आणि कीड-बुरशी तिच्यावरच येते.

माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. आता आळं. बुंध्याभोवती खोलगट आळं करायचं नाही. पहिल्या वर्षी पाणी वाहून जाऊ नये म्हणून दोन-अडीच फूट व्यासाचा, दोन इंच उंचीचा मातीचा कडा करा आणि मध्यभाग उंच राहू द्या. पाणी साचलं तरी ते कड्याजवळ, बुंध्याशी नाही. पहिला उन्हाळा संपला की पावसाआधी हा कडा मोडून टाका.

शेवटी दहा-बारा लिटर पाणी सावकाश द्या. मग दोन-तीन इंच जाडीचं आच्छादन पसरा, झाडाच्या सालीचे तुकडे किंवा बारीक खडी. बुंध्यापासून सहा इंच जागा मोकळी सोडा. समुद्राजवळ वारा सालीचे तुकडे उडवतो म्हणून मी खडी वापरते.

पाणी, तीन वर्षांचा हिशेब

पहिला हिवाळा पावसावर सोडा. सलग दोन-तीन आठवडे पाऊस नसेल तरच एकदा पाणी.

पहिला उन्हाळा हाच नाजूक. नर्सरीची हलकी माती बागेच्या मातीपेक्षा लवकर वाळते, त्यामुळे आजूबाजूला ओल असूनही मुळांचा गोळा कोरडा पडू शकतो. गोळ्याच्या कडेला बोट किंवा काडी चार इंच खोल घालून पाहा. कोरडी निघाली तर पाणी, ओल लागली तर नाही. माझ्या चिकट मातीत हे अंतर तीन आठवड्यांचं निघालं, वाळूत दहा-बारा दिवसांचं निघेल. द्यायचं ते पहाटे किंवा धुक्याच्या थंड दिवशी, आठ-दहा लिटर, बारीक धारेने, खोलवर. उन्हाची लाट आलेली असताना दुपारी-संध्याकाळी तापलेल्या मातीत पाणी ओतू नका. लाट येणार असं कळलं तर आदल्या सकाळी द्या.

रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यांत वाईट. ड्रिप बसवलीच असेल तर नळीची तोंडं बुंध्यापासून फूटभर दूर ठेवा आणि टायमरवर सोडून विसरू नका. मी बादलीनेच देते, कारण बादली घेऊन गेलं की झाडाकडे बघणं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे, तेही गोळ्याच्या बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली. तिसऱ्या उन्हाळ्यापासून धुक्याच्या पट्ट्यात काही नको. हिवाळाच कोरडा गेला तर ती तूट जानेवारी-फेब्रुवारीत भरून काढा, माती थंड असताना. दुष्काळाची भरपाई जुलैत करायला गेलात तर झाड हातचं जाईल.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आतली काही जुनी पानं पिवळी-लाल होऊन गळतात. सदाहरित झाडही जुनी पानं टाकतंच. शेंड्याची पानं ताठ असतील तर स्वस्थ बसा.

छाटणी

जुन्या, पानं नसलेल्या फांदीवर कापलं तर तिथून सहसा फुटवा येत नाही. मोगऱ्यासारखं निम्म्यावर आणून पुन्हा वाढवू, हे इथे चालत नाही. जे कापाल ते कायमचं. म्हणून पहिली तीन वर्षं नुसते शेंडे खुडा, फुलं संपल्यावर लगेच, मार्च-एप्रिलमध्ये, पालवी कोवळी असताना. झाड दाट होतं. पुढच्या हंगामाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरून राहतात, त्यामुळे उशिरा खुडलं तर येत्या जानेवारीची फुलं जातील.

मोठं झाड झालं की खालच्या आणि आतल्या बारीक, सावलीत मेलेल्या काड्या काढून खोड उघडं करा. हे काम कोरड्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये करावं. पावसात ताज्या कापावर बुरशी बसते. कात्री दर झाडाला स्पिरिटने पुसा. एक फांदी कापली की चार पावलं मागे जाऊन बघा, मग पुढची. सुक्या काड्या निघाल्या की वणव्याची भीतीही कमी होते.

जुन्या खोडावर कधी कधी राखाडी, निर्जीव लाकडाचा पट्टा दिसतो आणि त्याच्या कडेने तांबड्या सालीची जिवंत दोरी वर जाते. तो रोग समजून कापू नका. मँझनीटाचं म्हातारपण असंच असतं, आणि फार देखणं असतं.

दुखणी

कोवळ्या पानांच्या कडा फुगून लाल मिरचीच्या तुकड्यासारख्या दिसल्या तर ती मावा जातीच्या एका किडीने केलेली गाठ. झाडाला धोका नाही. तेवढी पानं खुडा आणि पाणी देत असाल तर कमी करा.

एखादी फांदी अचानक वाळली, बाकी झाड ठणठणीत, तर बहुधा बोट्रिओस्फेरिया बुरशी. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवशी जिवंत लाकूड लागेपर्यंत खाली कापून फांदी कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको. पानांवर काळे-तांबूस ठिपके ओल्या वसंतात येतात, वरून पाणी मारणं टाळलं की उन्हात आपोआप कमी होतात.

सगळं झाड एकदम फिकट होऊन मलूल पडलं आणि माती ओली लागली, तर मुळं कुजली आहेत. पाणी ताबडतोब बंद करा, आच्छादन बाजूला ओढा. क्वचित वाचतं. गेलं तर मुळांसकट काढा, कुदळ-फावडं धुऊन वाळवा आणि त्या जागी पुन्हा मँझनीटा लावू नका. जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात. माझ्या पहिल्या झाडाच्या जागी मी काहीच लावलं नाही, एक बाक ठेवला आहे.

सोबतीला कोण लावायचं तेही यावरूनच ठरतं. उन्हाळ्यात पाणी न मागणारे सिअनोथस, इथली रानसेज, बकव्हीट, कॉफीबेरी चालतील. गुलाब, जास्वंद आणि टोमॅटो बागेच्या दुसऱ्या टोकाला.

फळांबद्दल

पिकलेलं फळ मी चाखून पाहिलं आहे. आतला गर पिठूळ, सुकलेल्या बोरासारखा, आंबटगोड, आणि बी दगडासारखं. मिवोक आणि इथल्या इतर मूळ रहिवाशांनी ही फळं कुटून, पाण्यात भिजवून सरबतासारखं पेय करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. फळं गोळा करायची तर आपल्याच बागेतली करा, आणि निम्मी पक्ष्यांसाठी राहू द्या.

शेजाऱ्यांसाठी रोपं करायची तर

बियांच्या वाटेला जाऊ नका. कवच इतकं कठीण की रानात ती वणव्याची धग आणि धूर मिळाल्यावरच उगवतात, तोवर मातीत वर्षानुवर्षं पडून असतात. छाट कलम हाच घरचा मार्ग.

डिसेंबर-जानेवारीत, गेल्या वर्षीच्या वाढीचे चार इंची शेंडे घ्या, फूल नसलेले. खालची निम्मी पानं काढा, टोकाला मुळं फुटण्याची संप्रेरक पावडर लावा, आणि तीन भाग पर्लाइट (पाणी धरून न ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे), एक भाग पीट (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला भुसा) अशा मिश्रणात खोचा. ट्रे खालून २० अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट राहायला हवा; रोपांसाठी मिळणारी गरम चटई त्यासाठीच असते. वर पारदर्शक झाकण, थेट ऊन नाही, दिवसातून एकदा झाकण उघडून हवा. दोन-तीन महिन्यांत मुळं फुटतात, पण सगळ्यांना नाही. गेल्या हिवाळ्यात मी वीस शेंडे लावले, त्यातले अकरा धरले.

मुळं इंचभर झाली की प्रत्येकाला वेगळ्या छोट्या कुंडीत, भरपूर पर्लाइट घातलेल्या मातीत हलवा. पहिला उन्हाळा अर्ध्या सावलीत काढा. कुंडीत पाणी लागणारच, पण ताटलीत पाणी साचू देऊ नका. कुंडीवर वाणाचं नाव आणि तारीख लिहा, सहा महिन्यांनी पानांवरून हॉवर्ड मॅक्मिन आणि सेंटिनल ओळखणं अवघड जातं. मग नोव्हेंबरात माती वीतभर भिजली की रोपं द्या, आणि देताना त्यांच्याकडे निचऱ्याचा खड्डा खणून झालाय का ते विचारा.